न दिसणारा गोळा

माझ्या बरोबर मधोमध एक खळगा आहे. फार मोठा नाही, उथळ ताटलीएवढाच. वरून उजेड पडला तर तो दिसतही नाही. पण दुपारी उन्हे कलली आणि खिडकीतून तिरपा प्रकाश माझ्यावर आला, की खळग्याच्या एका कडेला बारीक सावली उमटते. अगदी चंद्राच्या कोरीसारखी. त्या वेळी माझे वय लपत नाही.

मित्रांनो, मी एक काळी चादर आहे. अंथरुणावरची नव्हे. मला कधी कोणी पांघरले नाही आणि माझ्यावर कधी कोणी झोपले नाही. एका विज्ञान केंद्राच्या वरच्या मजल्यावर एक गोल दालन आहे. तिथे उंच पायांच्या एका लोखंडी कड्याला चिमट्यांनी ताणून मला बसवले आहे. माझ्यावर सूर्य ठेवतात, पृथ्वी फिरवतात आणि समोर बसलेल्यांना सांगतात की गुरुत्वाकर्षण हे असे असते. एवढा मान किती कापडांच्या वाट्याला येतो? म्हणून माझी गोष्ट सांगावीशी वाटते. ती माझ्या एकटीची मात्र नाही. त्या दालनातल्या बापलेकींना वगळले तर तिच्यात सांगण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

माझा जन्म एका गिरणीत झाला. माझ्यात दोन प्रकारचे धागे आहेत. एक साधा गुळगुळीत, आणि दुसरा ओढला की लांबणारा, सोडला की मुकाट्याने परत येणारा. पोहण्याचे पोशाख शिवायला असे कापड लागते. माझ्या ताग्यातली बाकीची सगळी भावंडे पाण्यात गेली. मी शेवटी उरलेला तुकडा. एका दुकानाच्या वरच्या फळीवर बरेच दिवस धूळ खात पडले होते.

एके दिवशी एक उंच, सडसडीत गृहस्थ दुकानात आले. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. गावात नवे विज्ञान केंद्र उघडणार होते, आणि तिथे सामान्य लोकांना विश्वाबद्दल सांगण्याचे काम त्यांनी हौसेने अंगावर घेतले होते. सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. सरांनी मला दोन्ही हातांनी ताणले, सोडले, पुन्हा ताणले. मग खिशातून काचेची एक गोटी काढून ती माझ्यावरून घरंगळवली. दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला.

"काय शिवायचंय, मास्तर?"

"शिवायचं काही नाही. विश्व दाखवायचं आहे."

"मग तुकडा अख्खाच न्या," दुकानदार गंभीरपणे म्हणाला. "मागाहून तोकडं पडलं तर माझ्याकडे यायचं नाही."

घरी सरांच्या पत्नीने शिलाई यंत्रावर माझ्या कडेला जाड पट्टी शिवली. ताणाचे कापड यंत्राखाली नीट सरकत नाही, सुरकुतते. म्हणून त्यांच्या लहान मुलीने माझी एक बाजू दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली होती.

"तुझी आई विश्वाला शिवण घालतेय बघ," सर मुलीला म्हणाले.

"आधी तुझ्या बाबांच्या सदऱ्याला बटण लावते," आई म्हणाली. "विश्व थांबेल. हे असेच उघड्या गळ्याने लोकांसमोर जातील."

मुलगी इतकी हसली की तिची मूठ सुटली. तेवढ्यात यंत्र पुढे गेले होते. माझ्या कडेवर त्या जागी अजून एक वेडीवाकडी शिवण आहे. ती उसवून नीट करायचे नेहमीच राहून गेले. मला मात्र माझ्या सगळ्या अंगात तीच जागा जास्त आवडते.

मग कामाची वर्षे सुरू झाली. दालनात उजेड अंधुक ठेवलेला असे. लोक कड्याभोवती गोल बसत. सर आधी मला अगदी मोकळी ठेवत आणि एक गोटी हलकेच ढकलत. ती या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जाई.

"वळली का कुठे?" सर विचारत.

"नाही!" पोरे ओरडत. मोठी माणसे नुसती मान हलवत.

मग सर गोळाफेकीतला लोखंडी गोळा दोन्ही हातांनी उचलून माझ्या मध्यभागी ठेवत. मी खोल वाके. आता तीच गोटी सोडली की ती वळे आणि गोळ्याभोवती फेऱ्या मारू लागे. दालनात हळूच एक उसासा उमटे. रोज उमटे, आणि रोज मला तो नवा वाटे.

"गोळ्याने गोटीला दोरी बांधली आहे का?" सर म्हणत. "नाही. हाक मारली का? तीही नाही. गोळ्याने फक्त चादर वाकवली. गोटी बिचारी आपल्या वाटेने निघालेली, पण वाटच वाकडी झाली. सूर्य तसाच आपल्याभोवतीचं अवकाश वाकवतो. पृथ्वी त्या वाकलेल्या वाटेने चालत राहते, आणि आपण म्हणतो की सूर्य तिला ओढतो."

एकदा एक म्हातारे गृहस्थ व्याख्यान संपल्यावर माझ्यापाशी थांबले. "जन्म गेला लिफ्ट दुरुस्त करण्यात," ते म्हणाले, "पण खाली पडणं म्हणजे काय, ते आज समजलं." जाताना त्यांनी सरांना नव्हे, मला नमस्कार केला. मित्रांनो, अशा वेळी कापडालाही फुगल्यासारखे वाटते.

त्या काळात माझी काळजीही तशीच घेतली जाई. संध्याकाळी शेवटचा माणूस गेला की सर आधी गोळा उचलून खाली ठेवत, मग चिमटे सैल करत. "हिलाही पाठ टेकायला नको का?" असे ते म्हणत. वर्षातून एकदा मला घरी धुवायला नेत आणि सावलीत वाळवत.

मुलगी मोठी झाली. तिने वडिलांचाच विषय घेतला आणि त्यांच्यापेक्षा पुढे शिकली. मग दालनात मदतनीस म्हणून आली. तेव्हा बापलेकींनी आपसात एक नियम ठरवला. दालनाचा जिना चढला की ती त्यांना 'सर' म्हणणार आणि ते तिला सगळ्यांसारखे 'ताई' म्हणणार. जिना उतरला की 'बाबा' आणि 'चिमे'. नियम दोघांनी कसोशीने पाळला. कधीकधी मधल्या पायरीवर भांडण अर्धवट राहिले, की 'सर' म्हणून सुरू झालेले वाक्य 'बाबा'वर संपे.

ताईचे काम म्हणजे लोकांना आत घेणे, खिडकीवरचा पडदा ओढणे, दिवे कमी करणे आणि घरंगळलेल्या गोट्या वेचणे. दिव्यांच्या बटणापाशी तिची जागा ठरलेली. लोकांना तिचा आवाज एकाच वाक्यात ऐकू येई : "खाऊ बाहेर ठेवा, आणि कड्याला हात लावू नका."

"सर, शनिवारचं एक व्याख्यान मी देऊ का?" असे तिने पहिल्यांदा विचारले, तेव्हा सर हाताचा खडू पुसत होते.

"दे की. एवढ्या सुट्ट्या संपू देत."

सुट्ट्या संपल्या. मग परीक्षा आल्या. मग पुन्हा सुट्ट्या आल्या. सर वाईट नव्हते हो. त्यांना नकार द्यायचा नव्हता. फक्त होकार द्यायचा तो दिवस आज नसावा, एवढेच त्यांना हवे असे. केंद्राचे व्यवस्थापकही दर वर्षी दारात डोकावून विचारत, "पुढच्या वर्षी फलकावर व्याख्याता म्हणून कोणाचं नाव लावायचं?" सर म्हणत, "बघू. घाई काय आहे?" ताई तोवर गोट्या पुसत असे. त्या आधीच पुसलेल्या असत.

आणि मग माझ्या आयुष्यातला वाईट काळ आला. दालनाचे छत गळू लागले. दुरुस्तीसाठी दालन आठवडाभर बंद राहील असे ठरले, म्हणून सरांनी घाईघाईत दार लावून घेतले. गोळा माझ्यावरच राहिला. आठवड्याची दुरुस्ती काही महिने चालली. गवंडी आले, गेले, पुन्हा आले. माझ्यावर चुना सांडला, पोपडे पडले, कोणीतरी हातोडी ठेवून गेले. आणि त्या सगळ्या काळात तो लोखंडी गोळा माझ्या मध्यभागी बसून होता. पहिले काही दिवस मी ताण धरून होते. मग माझ्यातले लांबणारे धागे एकेक करून थकले. परत कुठे यायचे तेच ते विसरले.

दालन उघडले तेव्हा सरांनी गोळा उचलला. मी वर आले, पण पुरती नाही.

त्यांनी मला घरी आणले. आईने मला धुऊन वाळत घातले, मग हात फिरवून पाहिले. "अहो, ही गेली," ती म्हणाली. "विजारीचं इलॅस्टिक सैल झालं की आपण नवं घालतो. तसं नवं कापड आणा."

"कुठे गेली? जरा ढिली आहे. चिमटे आवळले की होईल नीट."

"बाबा, चिमट्यांनी कड ताणली जाते," मुलगी हळूच म्हणाली. "मधला भाग नाही."

सरांनी मला घडी घालून पिशवीत ठेवले. माझी घडी ते नेहमी नीट घालत. त्या दिवशी पट्टी उलटी आली, तरी त्यांच्या ध्यानात आले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी ताणलेली काही वस्तू असेल, तर काम झाल्यावर तिच्यावरचे ओझे उतरवत जा. आपण दमलो हे वस्तू लगेच सांगत नाही. ती बरेच दिवस नीट असल्यासारखी दिसते.

त्यानंतर दालनात एक छोटासा बदल झाला. मोकळ्या चादरीवर गोटी सरळ जाते, हा पहिला भाग सरांनी गाळला. कारण आता गोटी सरळ जात नव्हती. मध्यावर कोणी नसताना ती वळे आणि खळग्यात जाऊन बसे. म्हणून लोक आत येण्याआधीच गोळा माझ्यावर ठेवलेला असे. दार उघडले की विश्वात सूर्य हजर. खळगा त्याच्या बुडाखाली झाकलेला. ताईने हे पाहिले. सरांचा खांदा दुखतो हे तिला माहीत होते, म्हणून रोज संध्याकाळी ते खाली उतरले की ती स्वतः गोळा काढून ठेवी आणि सकाळी ते येण्याआधी परत ठेवी. आता त्याने काही फरक पडणार नव्हता. तरी ठेवी.

सकाळच्या त्या वेळेत आणखी एक गोष्ट घडत असे, आणि ती फक्त मला माहीत होती. मला पुसता पुसता ताई व्याख्यान देई. रिकाम्या बाकांना. हळू आवाजात सुरू करी आणि मग तिला भान राहत नसे.

"ही चादर जुनी आहे," ती सुरुवातच अशी करी. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला राग आला होता. "आणि ही फक्त चादर आहे. गोटी हिच्यावर घसरते, कारण खालून पृथ्वी तिला ओढते. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजवायला आपण गुरुत्वाकर्षणच उसनं घेतलं आहे. खऱ्या अवकाशाखाली असं कोणी बसलेलं नाही. तिथे वेळही वाकते, आणि ते दाखवायला आपल्याजवळ कापड नाही. तरी ही चादर कामाची आहे. कुठवर कामाची, ते मात्र विसरायचं नाही."

ऐकता ऐकता माझा राग गेला. आजवर लोकांनी मला विश्व म्हटले होते. चादर म्हणून माझी किंमत करणारी ही पहिलीच.

असे दिवस चालले होते. एका दुपारी पुढच्या बाकावरचा एक मुलगा मध्येच म्हणाला, "सर, गोळा काढा ना. मग काय होतं?"

"मग काय होणार? गोटी सरळ जाणार," सर म्हणाले.

"दाखवा ना."

सगळेच म्हणू लागले, दाखवा. सरांनी गोळा उचलला. मुलाने गोटी सोडली. ती सरळ निघाली, मग वळली, फिरत फिरत मधोमध आली आणि रिकाम्या जागी थांबली. बटणापाशी ताईने श्वास रोखला.

"तिथे तर काहीच नाही," मुलगा म्हणाला.

सरांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग त्यांचे डोळे चमकले. "नाही कसं? तुला दिसत नाही, इतकंच. तिथे एक न दिसणारा गोळा आहे!" आणि पुढे त्यांनी असे काही रंगवून सांगितले की विचारू नका. विश्वात आपल्याला दिसते त्याहून कितीतरी अधिक न दिसणारे द्रव्य आहे, त्याला कृष्णद्रव्य म्हणतात, आणि ते दिसत नसले तरी ताऱ्यांना वळवते, जसे आत्ता तुमच्यासमोर या गोटीला कोणीतरी वळवले. शेवटी टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवसापासून तोच व्याख्यानाचा शेवट झाला. लोक नातेवाइकांना घेऊन पुन्हा येऊ लागले. व्यवस्थापकांनी फाटकावर फलक लावला : 'पाहा, न दिसणारा गोळा!' आणि मी? खोटे कशाला सांगू, मलाही बरे वाटले. माझ्या व्यंगाला विश्वाचे रहस्य म्हणत होते. म्हातारपणी असे कौतुक कोणाला नको असते?

ताईला मात्र ते गिळता येईना. एका संध्याकाळी लोक गेल्यावर ती म्हणाली, "सर, तो खळगा आहे. कापड सैल झालंय."

"मला काय डोळे नाहीत?"

"मग गोळा कशाला म्हणायचं?"

"अगं, दृष्टांत आहे तो. विश्वात न दिसणारं द्रव्य आहे, हे खरं की नाही?"

"असावं. पुरावे पुष्कळ आहेत. पण ते अजून कोणाच्या हाती लागलेलं नाही."

"'असावं' ऐकायला कोणी तिकीट काढून येत नाही, ताई."

"पूर्वी यायचेच की, गोळा दिसत होता तेव्हा."

सर खुर्ची सरळ करू लागले. ती सरळच होती. "दृष्टांत खोटा नसतो," ते म्हणाले. "तोकडा असतो."

"तोकडा आहे असं सांगितलं तर. नाही सांगितलं तर खोटाच ना?"

"गोट्या पुसून ठेव," एवढेच म्हणून सर जिना उतरू लागले. जरा वेळाने ताई कठड्यावरून वाकून म्हणाली, "बाबा, डबा विसरलात." ते परत वर आले, डबा घेतला, तिच्याकडे न बघता म्हणाले, "भाजीत मीठ नव्हतं आज," आणि गेले. मीठ होते. तिनेही तोच डबा खाल्ला होता.

त्यानंतरच्या एका सकाळची गोष्ट. ताई मला पुसत होती आणि तिचे व्याख्यान रंगात आले होते. आता त्यात एक नवा भाग होता.

"काही नसलेल्या जागी गोटी वळते," ती रिकाम्या बाकांना सांगत होती. "अशा वेळी दोन शक्यता असतात. एक, तिथे न दिसणारं काहीतरी आहे. दुसरी, आपली चादरच सैल आहे. माणसांवर हा प्रसंग खरोखर येऊन गेला आहे. युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणे चालेना. काहींनी म्हटलं, पलीकडे एखादा न दिसणारा ग्रह त्याला ओढत असेल. तो कुठे असेल ते गणिताने काढलं, तिथे दुर्बीण लावली, आणि नेपच्यून सापडला. मग बुधाची वाट हिशेबापेक्षा किंचित सरकताना दिसली. लोक म्हणाले, इथेही न दिसणारा ग्रह असणार. खूप शोधला. मिळाला नाही, कारण तो नव्हताच. गुरुत्वाकर्षणाबद्दलची आपली जुनी समजूत अपुरी होती. चादरच बदलावी लागली, तेव्हा बुधाचं कोडं सुटलं."

तेव्हाच मला दाराच्या पडद्याखाली बुटांची टोके दिसली. सरांचे बूट. ते चष्मा विसरले होते आणि तो घ्यायला लवकर आले होते. ताईची त्या बाजूला पाठ होती.

"आज दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, कडेचे तारे, तिथे दिसणाऱ्या द्रव्याच्या मानाने फार वेगाने फिरतात," ती पुढे म्हणाली. "बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते तिथे कृष्णद्रव्य आहे, आणि तसं मानायला चांगली कारणं आहेत. काही थोडे म्हणतात, चादरही तपासून बघा. शेवटचं उत्तर अजून मिळालेलं नाही. मला विचाराल तर मलाही माहीत नाही. पण शोध कसा चाललाय, ते सांगू शकते."

बुटांची टोके हलली नाहीत. ताई बोलायची थांबली तेव्हा टोके अलगद मागे सरकली. जरा वेळाने जिन्याच्या पार खालून मोठ्याने खोकल्याचा आवाज आला. "आलीस का गं इतक्या लवकर?" सरांनी विचारले. ताईने घाईने गोळा माझ्यावर ठेवला. त्या दिवशीही शेवटी न दिसणारा गोळा दाखवला गेला, पण टाळ्या चालू असताना सर खाली बघत होते. हे मला दिसले. चादरीला तोंड नसते, म्हणून मी कोणाला सांगू शकले नाही.

आता शेवटचा प्रसंग. तो सांगण्याआधी माझे एक मागणे आहे. मित्रांनो, कोणी तुम्हाला अवघड गोष्ट सोपी करून दाखवली तर जरूर आनंद माना. पण त्यातली खरी गोष्ट किती आणि चादर किती, हेही विचारून घ्या. आणि कधी दाखवणारे तुम्ही असाल, तर कोणी विचारण्याची वाट बघू नका.

सुट्टीची दुपार होती. दालन भरले होते. मागे दारापाशी व्यवस्थापकही उभे होते, नव्या वर्षाच्या फलकावरचे नाव विचारायला आलेले. व्याख्यान झाले, गोळा उचलला गेला, गोटी वळली, टाळ्या झाल्या. लोक उठू लागले, तेव्हा एक मुलगी गर्दीतून पुढे आली. तिच्या हातात कपडे भिजवायचा टब होता. मागून तिचे वडील संकोचून येत होते.

टबाच्या तोंडावर निळे कापड ताणले होते आणि कडेने कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते. ते कापड मी पाहताक्षणीच ओळखले. पोहण्याच्या जुन्या पोशाखाचे होते. पाण्यात गेलेले माझे भावंडच ते!

"सर, मी मागच्या सुट्टीत आले होते," मुलगी म्हणाली. "घरी जाऊन हे केलं. पण माझ्याकडे तो गोळा येतच नाही."

"कुठला गोळा, बाळ?"

"न दिसणारा. हे कुलूप ठेवलं की गोटी वळते. काढलं की सरळ जाते. कितीदा केलं! चिमटे काढून परत लावले. तरी सरळच जाते. माझं काय चुकतंय?"

"मी तिला सांगितलं हो," वडील म्हणाले, "अगं, ते त्यांचं विश्व, आपला टब आहे. पण ऐकेल तर शपथ."

लोक हसले. सरही हसले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझी चादर फार लहान आहे," ते म्हणाले. "एवढ्याशा टबात तो..."

मुलीने लगेच मान डोलावली. तिला ते पटले. एवढ्या मोठ्या सरांनी सांगितल्यावर न पटून काय करते? तिने टब खाली ठेवला आणि एकेक चिमटा काढायला सुरुवात केली.

सरांचे वाक्य तिथेच राहिले. ते तिच्या बोटांकडे बघत होते. एक चिमटा निघाला. दुसरा निघाला. कापड एका बाजूने टबात लोंबू लागले.

"थांब," सर म्हणाले. "काढू नकोस. लाव ते परत."

मग ते बटणाकडे वळले. "ताई, दिवे लाव."

"सर?"

"सगळे लाव. आणि खिडकीवरचा पडदापण काढ."

या दालनात लोकांसमोर तो पडदा आजवर कधी निघाला नव्हता. ताईने तो बाजूला सारला. कललेल्या उन्हाचा तिरपा पट्टा आत आला, माझ्यावर पसरला, आणि माझ्या मधोमध ती कोरीसारखी सावली उमटली. काळ्यावर काळी, पण स्पष्ट.

"सगळे जवळ या," सर म्हणाले. "कड्याला हात लावलात तरी चालेल. ही सावली दिसते? हा खळगा आहे. इथे छताचं काम चाललं होतं, तेव्हा मी लोखंडी गोळा हिच्यावर विसरलो. काही महिने. तेव्हापासून ही सैल आहे. हिच्यात न दिसणारा गोळा वगैरे काही नाही." ते मुलीपुढे वाकले. "तुझं काहीच चुकलं नाही, बाळ. तुझी चादर बरोबर आहे. माझी जुनी झाली आहे."

मागे दारापाशी व्यवस्थापक खाकरले. त्यांना बहुधा फाटकावरचा फलक आठवला असावा.

मुलीने चिमटा परत लावला. मग जरा विचार करून तिने विचारले, "म्हणजे विश्वातपण तो नाहीये का?"

सरांनी तोंड उघडले. त्यांच्याजवळ उत्तर तयार असे, नेहमीच असे. पण ते थांबले आणि वर बघून म्हणाले, "याचं उत्तर माझ्यापेक्षा हिला चांगलं देता येतं. परवा मी पडद्याआडून ऐकलंय."

ताई खिडकीपासून दोन पावले पुढे आली होती. ती कड्यापाशी थबकली. तिचा हात नकळत माझ्या कडेवर आला, त्या वेड्यावाकड्या शिवणीवर.

"बाबा, आत्ता?" ती म्हणाली. जिन्याच्या वर असताना, सगळ्यांसमोर.

"मग कधी? सुट्ट्या संपल्यावर?"

सरांनी तिच्या दुसऱ्या हातात गोटी ठेवली. गर्दीतून वाट काढत ते भिंतीपाशी गेले, तिच्या नेहमीच्या जागेवर, आणि दारातल्या व्यवस्थापकांकडे वळून मोठ्याने म्हणाले, "नाव विचारत होतात ना? पुढच्या वर्षाची वाट कशाला बघायची? आजपासून इथे माझी चिमी बोलेल. दिव्यांपाशी मी उभा राहतो."